वैद्यबुवांची नदी

एकदा एका वृद्ध वैद्यबुवांना आश्विन महिन्यात घरी बसावे लागले, आणि असे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होते. पावसाळा ओसरला की लहानशा डोंगीत बसून नदीच्या वरच्या अंगाला जायचे, अरण्यात शिरायचे, आणि जिथे दोन प्रवाह मिळतात तिथल्या कड्यावरची एक मुळी खणून आणायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. ही मुळी ते दम्याच्या रोग्यांना देत. फुले गळल्यानंतर आणि पाने वाळण्याआधीच ती खणावी लागे, कारण पाने वाळली की ते झुडूप भोवतालच्या गवतातून ओळखू येत नसे. यंदा मात्र दम्याने खुद्द बुवांनाच गाठले होते. समोरचा माणूस वैद्य आहे म्हणून दमा काही मागे सरत नाही.

मागच्या थंडीत ते जेमतेम वाचले होते. डब्यातली मुळी आता संपत आली होती. नवी आली नाही, तर येत्या थंडीत काय होईल हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच कोणी ते बोलत नव्हते.

बुवांचा शिष्य श्रीपती तिशी ओलांडलेला, बायकामुलांचा धनी होता. वयात आल्यापासून तो बुवांबरोबर या प्रवासाला जात असे. बुवा डोंगीच्या पुढच्या टोकाला बसत, श्रीपती मागे बसून वल्हे मारी. मुळी ज्याने द्यायची त्यानेच खणायची, असा त्या परंपरेचा दंडक होता, तेव्हा यंदा एकट्याने जाणे त्याच्याकडे आले. हवा भरवशाची नव्हती. सकाळी लख्ख ऊन, दुपारी डोंगरामागे गडगडाट, संध्याकाळी कधी सर तर कधी नुसताच वारा. निरोप घेऊन झाल्यावरही उंबऱ्यात बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा तो परतीचा पाऊस हलायचे नाव घेत नव्हता.

श्रीपतीने निघताना काही विचारले नाही. त्याला सगळे पाठ होते. जिथे सप्तपर्णी फुलून वास सुटतो तिथे न्याहारी. न्याहारीला गूळपोहे, आणि त्यातला गुळाचा मोठा खडा श्रीपतीला देऊन बुवांनी म्हणायचे, की वल्हे मारणाऱ्याला गोड जास्त लागते. तो तिथे थांबला आणि त्याने पोहे काढले. समोरची रिकामी जागा पाहून त्याला रडू आले. पुढचा सारा दिवस त्याने असाच काढला. या वळणावर बुवांनी एकदा सुसरीची गोष्ट सांगितली होती. या झाडाखाली त्यांचे उपरणे वाऱ्याने उडाले होते, आणि ते धरताना आपण पाण्यात पडलो होतो. आठवणी इतक्या दाटल्या होत्या, की पाण्यावरून हिरवी पाने आणि काटक्या वाहत येऊ लागल्या आहेत, पाण्याचा रंग गढुळत चालला आहे, याकडे त्याचे लक्षच गेले नाही.

सायंकाळी तो प्रवाहाच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर उतरला. बुवा मुक्कामाला तिथेच उतरत. चूलही त्याने बुवा मांडत त्याच जागी मांडली. भात अर्धवट शिजला असेल नसेल, तोच पाणी चुलीला लागले. वर डोंगरात कधीचा पाऊस कोसळत होता. शिधा गेला, खणायची कुदळी गेली, पांघरूण गेले. डोंगी उंबराच्या लोंबत्या मुळांत अडकली म्हणून हाती लागली, आणि तिच्याबरोबर श्रीपतीही वाचला. तो रिकाम्या हातांनी परत आला.

बुवा रागावले नाहीत. त्याला कोरडे धोतर देववले, गरम पेज देववली, आणि मग विचारले, की नदी कशी होती? श्रीपती सांगू लागला. सप्तपर्णीखाली थांबलो तेव्हा तुमची फार आठवण झाली. उपरणे उडाले होते ते झाड दिसले. बुवा ऐकत राहिले. थोड्या वेळाने ते भिंतीकडे तोंड करून निजले.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर बुवांनी हट्टच धरला, की मला घाटावर न्या. दोघांनी धरून त्यांना नेले. तिथे त्यांनी श्रीपतीला डोंगीत पुढे बसवले आणि स्वतः मागच्या टोकाला बसले. मग खांद्यावरचे उपरणे काढून त्यांनी आपल्याच डोळ्यांवर घट्ट बांधले, आणि चल म्हणाले. काठावरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. म्हातारपणी बुद्धी फिरली, असेही कोणी पुटपुटले असेल.

श्रीपतीने वल्हे घेतले. दोन हात पुढे जातो न जातो तो त्याने मागे वळून पाहिले. पुन्हा थोडे गेल्यावर पुन्हा वळला आणि विचारले, की बुवा, खडकाच्या कोणत्या अंगाने घेऊ? बुवा गप्प. तिसऱ्यांदा तो वळला आणि डोंगी त्या खडकावर जाऊन आदळली. पाणी उथळ होते, इजा कोणालाच झाली नाही. बुवांना खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत श्रीपती खाली मान घालून बसला. मग बुवांनी उपरणे सोडले.

“श्रीपती, इतकी वर्षं तू या नदीवर आलास आणि पाहिलीस ती माझी पाठ,” ते म्हणाले. “मी थांबलो की तू थांबायचास, मी उतरलो की तू उतरायचास. त्या वाळूवर मी उतरायचो ते पाणी नितळ असायचं म्हणून, वरचा डोंगर मोकळा असायचा म्हणून. एका वर्षी आपण तिथे उतरलोच नाही. रात्रभर कातळावर भिजत बसलो होतो. आठवतं तुला?”

श्रीपतीला आठवत नव्हते.

“कसं आठवेल? आठवण गोड तेवढंच जवळ ठेवते. तुझी माझ्यावर माया आहे, ती मला कळते रे. पण माझ्या पाठीवर काय दिसणार होतं तुला? मी जे पाहत होतो ते माझ्या पुढं होतं.”

एवढे बोलून त्यांना धाप लागली. श्रीपतीने डोंगी परत घाटाला लावली.

हवा अजून लहरीच होती, पण थांबून राहिले तर पाने पुरती वाळून गेली असती. श्रीपती पुन्हा एकटा निघाला. बुवांची आठवण याही वेळी आली. ती कशी येणार नाही? सप्तपर्णीचा वास आला तसे त्याचे डोळे भरले. ते त्याने पुसले आणि पाण्याकडे पाहिले. त्या दिवशी तो न्याहारीला थांबलाच नाही, कारण दुपारचे ढग लवकर चढत होते आणि अरुंद खिंड त्याआधी मागे टाकायला हवी होती. वाळूच्या पट्ट्याशी पाण्यावर पुन्हा हिरवी पाने दिसली. तो वरच्या कातळावर गेला, डोंगी ओढून पालथी घातली आणि तिच्याखाली बसून पाऊस पाहिला. कड्याशी पोचल्यावर झुडूप त्याने अर्ध्या वाळल्या पानांवरून ओळखले. रिवाजाप्रमाणे खणण्याच्या आदल्या संध्याकाळी झुडपाला अक्षता वाहून आमंत्रण दिले, सकाळी मुळी खणली आणि एक कोंब पुन्हा मातीत लावला.

घरी आल्यावर त्याने मुळी बुवांच्या हातात दिली. त्यांनी ती हुंगली आणि आत पाठवली. आत काढा उकळू लागला, आणि श्रीपती खाटेशेजारी बसून कोणी न विचारताच सांगू लागला. घाट सोडल्यावर डाव्या काठाला कास गवताची फुले किती दूरवर पसरली आहेत, पाणी कुठे हिरवे होते आणि कुठे गढूळ, पहिल्या वळणावर पाणमांजराची दोन पिल्ले कशी आईच्या मागे कातळावर चढली. बुवांनी डोळे मिटून घेतले. मधूनच त्यांनी विचारले, की खिंडीच्या तोंडाशी वाकलेला जुना करंज आहे ना अजून?

“उन्मळला, बुवा. यंदाच्या पुरात गेला. त्याच्या मुळांशी होती ती डोहासारखी जागा आता भरून आली आहे. डोंगी उजवीकडून घ्यावी लागते.”

त्या करंजाखाली आपण तरुणपणी आपल्या गुरूंबरोबर थांबत असू, एवढेच बुवांनी हळू आवाजात सांगितले. मग हातानेच खूण केली, की पुढे सांग. श्रीपतीने खिंड सांगितली, कातळ सांगितला, पालथ्या डोंगीवर वाजणारा पाऊस सांगितला. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळत गेला, की दारात येऊन उभी राहिलेली बुवांची पत्नी हातातली काढ्याची वाटी घेऊन तशीच थांबली. या नदीवर आपण आता पुन्हा जाणार नाही, हे बुवांना उन्हाळ्यापासून माहीत होते. मुळीहूनही अधिक त्यांना काय हवे होते, ते श्रीपतीला त्या क्षणी कळले.

शेवटी ती माउली पुढे झाली आणि म्हणाली, की आधी काढा घ्या, निवतो आहे.

“जरा थांब गं,” बुवा डोळे न उघडताच म्हणाले. “आम्ही अजून संगमाला पोचलो नाही.”