चिलरच्या कपाळावरची चिठ्ठी

यंत्रांना इंटरनेटची नुकतीच गोडी लागली होती, तेव्हाची गोष्ट. एका डेअरीत दूध गार ठेवणारा चिलर होता. त्याला नेटवरून चालवायचा पासवर्ड कुणी विसरू नये म्हणून तो चिठ्ठीवर लिहून त्याच्या कपाळावरच चिकटवला होता.

दसऱ्याला ऑपरेटर यमुनाताईंनी यंत्रांना झेंडूचे हार घातले आणि फोटोसाठी मोबाइल काढला.

"चिठ्ठीवर हार येऊ दे," शेजारचा जुना तापमापक चिलरला म्हणाला.

"चेहरा झाकू? तुला नेट नाही, म्हणून जळतोस."

चिठ्ठीसकट फोटो गावभर फिरला. दुसऱ्याच दिवशी कुणा अनोळखी माणसाने नेटवरून पासवर्ड देऊन हुकूम सोडला, "थांब." चिलर मुकाट थांबला. तापमापकाचा काटा चढताना पाहून यमुनाताई धावल्या, नेटची वायर उपटली आणि चिलर हाताने सुरू केला. दूध नासता नासता वाचलं.

"भलत्याचं ऐकलंस कसं?" तापमापकाने विचारलं.

"पासवर्ड बरोबर होता. मला वाटलं, ताईच आहेत."

ताईंनी चिठ्ठी फाडली, पासवर्ड बदलला.

पुढच्या दसऱ्याला शेजारी नवंकोरं पॅकिंग मशीन कपाळावर चिठ्ठी मिरवत उभं होतं. चिलर हळूच म्हणाला, "बाळा, आधी ती चिठ्ठी काढायला लाव. हार नंतर."