आवडीच्या बागेचं गिऱ्हाईक

“वर्षाच्या आत बाग विकून टाक. घेणारा अस्सल सयामी पाहिजे. नाही विकलीस, तर बाग माझी,” राजा फ्रोम म्हणाला आणि त्याने पानाचा विडा तोंडात टाकला.

समोर आवडी बसली होती. मूळची मालवणची, खलाशाची मुलगी. बुनमी नावाचा एक सयामी खलाशी तापाने फणफणत मालवण बंदरात उतरला, तिच्या हातची पेज पिऊन बरा झाला आणि जाताना तिला लग्नाची बायको करून सयामला, म्हणजे आताच्या थायलंडला, घेऊन गेला. तिथे नदीकाठी दोघांनी दुरियानची बाग उभी केली. दुरियान म्हणजे आपल्या फणसाचा थोरला भाऊ समजा. काटे जास्त, वास त्याहून जास्त, आणि एकदा चव लागली की माणूस कामातून गेला. राजा तसाच कामातून गेला होता.

आता बुनमी वारला होता. मूलबाळ नव्हतं. राज्याचा कायदा असा की परदेशी बायकोला नवऱ्याची जमीन वारशाने मिळे, पण ती ठेवून घेता येत नसे. वर्षाच्या आत कुणा सयामी माणसाला विकावी लागे.

“महाराज, प्रत्येक झाडाचं आळं मी माझ्या हाताने केलंय,” आवडी म्हणाली. “तिथून उठून मी जाऊ कुठे?”

“कायद्याला हात नसतात, डोळे नसतात. मी तरी काय करणार?” राजा म्हणाला. बोलताना त्याला बागेचा वास येत असावा, कारण त्याने दोनदा लाळ गिळली.

आवडी गिऱ्हाईक शोधायला निघाली. शेजारचा कोळी चांगला माणूस होता. बाग नावावर घेऊन तिला तिथेच राहू द्यायला तो तयारही झाला. पण दुसऱ्या दिवशी गावात दवंडी पिटली गेली: बुनमीची बाग जो घेईल, त्याची गाठ राजाशी आहे! कोळी तिला पाहिल्यावर होडी वळवू लागला.

आवडी तडक दरबारात गेली.

“महाराज, विका म्हणता आणि घेणाऱ्याला धमकावता. हा कुठला न्याय?”

“कायद्यात विकायचं म्हटलंय,” राजा मिशीत हसला. “गिऱ्हाईक मी पुरवायचं असं कुठे म्हटलंय?”

त्या रात्री आवडी खूप रडली. बुनमी गेला तेव्हासुद्धा ती इतकी रडली नव्हती, कारण तेव्हा बाग होती, झाडांना पाणी घालताना तो जवळपास असल्यासारखं वाटे. सकाळी उठून तिने तोंड धुतलं, रोजच्यासारखा भात शिजवला, झेंडूची माळ ओवली आणि ती घेऊन बागेच्या कोपऱ्यात गेली. तिथून परतली ती हसत.

वर्ष संपायला आलं तेव्हा राजाने तिला बोलावून घेतलं.

“काय, सामान बांधलंस का?”

“कशाला? बाग विकली, महाराज.”

राजाच्या हातातली पानाची तबकडी कलली. “कुणाला?”

“घेणारा अस्सल सयामी आहे. या मुलखाबाहेर त्याने कधी पाऊल टाकलं नाही. घराणं तुमच्याहून जुनं. दवंडी त्यानेही ऐकली, पण तो काही तुम्हाला घाबरत नाही.”

“मला घाबरत नाही? बांधून आणा त्याला!”

“तो जागा सोडत नाही, महाराज. तुम्हालाच यावं लागेल.”

राजा तसाच उठला. पालखी, छत्री, शिपाई असा सगळा लवाजमा बागेत आला. आवडी पुढे, राजा मागे. दुरियानच्या झाडांखालून जाताना राजा नाक वर करून चालत होता, रागाने की वासाने ते त्याचं त्यालाच ठाऊक.

बागेच्या कोपऱ्यात एका खांबावर बाहुलीच्या घराएवढं लाकडी घर होतं. सयामात अशी घरं जागोजाग असतात. आपल्या कोकणात जसा जागेचा राखणदार, तसा तिथे जमिनीचा फ्रा फूम. त्याचं हे घर. त्याला रोज भात आणि फुलं दिल्यावाचून तिथे कुणी कुदळ उचलत नाही. राजाने चालता चालता पायताण काढलं, छत्री बाजूला करवली, वाकून हात जोडले आणि मग आवडीवर ओरडला, “कुठे आहे तो उर्मट माणूस?”

“आत्ताच तर तुम्ही त्याला नमस्कार केलात.”

राजाचे हात जोडलेलेच राहिले. शिपायांनी झाडांकडे तोंडं फिरवली, त्यांना हसू आवरेना.

“बरं,” राजा सावरून म्हणाला, “आणि किंमत काय दिली याने?”

“मरेपर्यंत इथे राहायची मुभा. मी त्याची माळीण. रोजचा भात आणि माळ माझ्याकडे.”

“त्याने हो म्हटलं? तू ऐकलंस?”

“महाराज, नवा महाल बांधताना पहिला खांब रोवायची परवानगी तुम्ही याच्याच भावाकडे मागितलीत ना? तो काय म्हणाला?”

“काही नाही म्हणाला.”

“मग खांब रोवलात की नाही?”

राजा एकाएकी इतका मोठ्याने हसला की झाडावरचे पक्षी उडाले. हसता हसता तो खालीच बसला. “लिहा रे,” त्याने कारकुनाला सांगितलं, “बाग राखणदाराची. आवडी जिवंत असेतो त्याची माळीण. तिला कुणी उठवायचं नाही, मीसुद्धा नाही. आणि फळं न्यायला तिला सरकारी होडी द्या.” त्याने बोटातली अंगठी काढून मोहोर उठवली.

जायला निघाला तर पायाशीच एक पिकलेला दुरियान पडलेला. राजाचा हात खाली गेला आणि अर्ध्यातच थांबला. तो वळला, त्या छोट्या घरापुढे पुन्हा हात जोडून उभा राहिला.

“बाबा रे, एक घेऊ का?”

बागेत सगळ्यांनी कान टवकारले. राजाने आवडीकडे पाहिलं.

“काही नाही म्हणाला,” आवडी म्हणाली. “थांबा, कोयता आणते.”