शेळीचं दावं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. माळावरचं गाव होतं एवढं नक्की, कारण त्याला नदी नव्हती. सगळ्या गावाला मिळून एकच विहीर होती, आणि ती फार खोल होती.

त्या गावात एक दोर वळणारा राहायचा. विहिरीचा दोर, बैलांच्या वेसणी, पाळण्याच्या दोऱ्या, सगळं त्याच्याच हातचं. आता मोठा दोर काही एकट्याने वळता येत नाही. एका टोकाला खुंटावर लाकडी फिरकी असते, ती एकाने फिरवत राहायची. दुसऱ्याने कमरेला अंबाडीचा वाख, म्हणजे सोललेले धागे, गुंडाळायचा आणि तो हाताने सोडत सोडत उलट्या पावली मागे जायचं. हा मागे जायचा आणि त्याची बायको फिरकी फिरवायची. दोघांची तोंडं दिवसभर समोरासमोर, पण बोलणं अगदी नाही. कसं जमत असेल, कोण जाणे.

एका वर्षी गावात तापाची साथ आली आणि त्याची बायको गेली.

त्या गावाची एक रीत होती. ज्या घरात दुःख शिरलं, त्या घरी वर्षभर कुणी काही मागायचं नाही. फक्त द्यायचं. रीत चांगल्या मनाने पडलेली होती आणि गाव ती चांगल्या मनाने पाळत होतं. रोज एकेका घरातून त्याच्याकडे भाकरी-कालवण यायचं. कुणी अंगण झाडून जायचं, कुणी पाणी भरायचं. त्याने केरसुणीला हात लावला, तरी लोक ती काढून घेत. म्हणत, "राहू दे रे बाबा. तू बस."

तो बसला.

बसून बसून त्याच्या मांड्या सुकल्या. कोपऱ्यातल्या वाखात उंदरांनी घर केलं. दोर हा शब्दही त्याच्यासमोर कुणी काढत नसे. त्याला वाटायचं, गावाला आता आपली गरज उरली नाही. गावाला वाटायचं, बिचाऱ्याच्याने आता काही होणार नाही. दोघांनी हे एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून दोघांनाही ते खरं वाटत राहिलं.

इकडे विहिरीचा दोर झिजत चालला. जिथे तुटेल तिथे लोक गाठ मारत. गाठ रहाटात अडकायची आणि पोहरा मधेच लटकत राहायचा. त्यात उन्हाळा जवळ आलेला, पाणी खाली खाली चाललेलं. गाठींनी दोर आखूड होत होता आणि विहीर खोल होत होती.

शेवटी पाटलांनी गाव गोळा केलं. म्हणाले, "त्याला त्रास द्यायला नको. पलीकडच्या गावचा दोरवाला आणून बसवू. त्याच घरात राहील, त्याच अंगणात वळेल."

"आणि हा कुठे जाईल?" कुणीतरी विचारलं.

"मी त्याच्या बहिणीला निरोप धाडलाय. पाडव्याला गाडी घेऊन येते म्हणाली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

त्याच्या कानावर हे गेलं. बहिणीकडे आपलं काय होणार, ते त्याला दिसत होतं. तिच्या ओट्यावर एका कडेला बसायचं, हाक आली की जेवायला उठायचं, आणि पुन्हा येऊन बसायचं. मरेपर्यंत तेवढंच. त्याला ते नको होतं. पण नको असूनही त्याला उठता येत नव्हतं.

त्याच्या समोरच्या घरात एक शेजारीण राहायची. कुणाच्या घरी आज काय शिजतंय, हे त्या घरच्या माणसांच्या आधी तिला ठाऊक असायचं. एके सकाळी ती आपल्या शेळीला कानाला धरून ओढत त्याच्या अंगणात आली.

"हिला एक दावं वळून दे."

त्याने वर पाहिलं. "मावशी, आता नाही होत माझ्याच्याने."

"न व्हायला काय झालं? दावं तर एकट्याने वळता येतं. पायाच्या अंगठ्यात टोक धरायचं, की झालं. मी पाहिलंय ना तुला."

"हातात बळच नाही."

"मग वीतभर वळ आज."

"वीतभर दाव्याने शेळी बांधतात होय?"

"मी कुठे म्हटलं आज बांधायची आहे? ही कार्टी रोज पाटलांच्या मेथीत शिरते. आणखी काही दिवस शिरेल. पाटील ओरडतील, मी ऐकून घेईन. तू वीतभर वळ."

एवढं बोलून ती तिथेच बसली. ती आता उठत नाही, हे त्याला कळून चुकलं. मग त्याने वाखातले उंदीर हुसकले, चांगला वाख निवडला आणि अंगठ्यात टोक धरलं. वीतभर दावं होईपर्यंत त्याला घाम फुटला.

विहिरीवर ही गोष्ट पोचायला कितीसा वेळ लागणार!

"शोभतं का गं तुला?" बायका म्हणाल्या. "दुःखाच्या घरी मागायला गेलीस?"

"गेले. तुम्ही भाकरी देता, मी काम देते. काम केलं की भूक लागते, त्याची भाकरी संपते तरी."

"त्याच्या जिवाला काय वाटलं असेल!"

"ते त्यालाच जाऊन विचारा. तुम्ही कधी विचारलंय का?"

शेजारीण रोज जायची. रोज थोडं दावं वाढायचं, आणि रोज ती त्यात खोट काढायची. इथे सैल पडलंय, तिथे जाड झालंय. एक दिवस त्याने तिच्या हातातून दावं ओढून घेतलं आणि म्हणाला, "शेळी काही माणसासारखी खोट काढत नाही बसत, मावशी!" शेळीला दावं झालं. मग तिने आपल्या सुनेच्या पाळण्यासाठी दोरी मागितली. त्यानंतर म्हणाली, "आता विहिरीचा."

त्याने हातातली दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, "त्याला फिरकीवर माणूस लागतं."

"मी आहे की."

ती फिरकीपाशी जाऊन उभी राहिली. त्या जागी दुसरं कुणी उभं आहे, हे त्याने पाहिलं आणि तोंड फिरवलं. बऱ्याच वेळाने त्याने कमरेला वाख गुंडाळला. म्हणाला, "मावशी, एक करायचं. बोलायचं नाही."

"नाही बोलत," ती म्हणाली, आणि लगेच कुणाची म्हैस कुठे व्याली ते सांगू लागली. बोलता बोलता तिचा हात थांबायचा आणि पीळ सुटायचा. एकदा तो असा ओरडला की रस्त्याने जाणारे थबकले. ती पुटपुटत राहिली, पण फिरकी मात्र नीट फिरवू लागली.

तरीही, दोर निम्मा झाला आणि ताण द्यायला गेले तसा तो मधोमध तुटला.

त्याने हातातलं टोक खाली टाकलं, घरात गेला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दारातली भाकरी तशीच पडून राहिली. शेजारणीने दार वाजवलं. "अरे, तुटू दे की. तुटलेल्यात आणखी चार शेळ्यांची दावी होतील." दार उघडलं नाही. तिला पुढे काय बोलावं ते सुचेना. तिच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. ती मुकाट्याने घरी गेली.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी ती बाहेर आली तेव्हा तो अंगणात बसलेला होता. तुटलेल्या टोकाचा पीळ उलगडत होता, त्यात नवा वाख गुंफत होता. कुणी बोलावलेलं नव्हतं.

ती जवळ गेली. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "आत बसून पाहिलं, मावशी. आतही दुखतंच. म्हटलं, मग बाहेर बसून दुखू दे. हात तरी चालतील."

ती काही न बोलता फिरकीवर जाऊन उभी राहिली.

पाडव्याला बहीण गाडी घेऊन आली. घरी कुणी नाही असं पाहून ती विहिरीवर गेली. तिथे सगळं गाव जमलं होतं. तिचा भाऊ रहाटावर नवा दोर चढवत होता. तिने हाक मारली, "दादा, चल. ऊन व्हायच्या आत निघू."

"थांब जरा," तो म्हणाला. "पोहरा वर येऊ दे."

पोहरा खाली गेला, तळाच्या पाण्याला लागला, भरला. दोर ताणला गेला. रहाट करकरला. सगळे श्वास धरून बघत होते. पोहरा हळूहळू वर आला, काठोकाठ भरलेला.

पाटील दोरावरून हात फिरवून म्हणाले, "जरा ओबडधोबड झालाय."

"मग तुम्ही वळा गुळगुळीत!" शेजारीण म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी तो दोर वळणारा हसला. बहिणीला त्याने पोटभर जेवू घातलं आणि तिची गाडी तशीच परत गेली. पलीकडच्या गावच्या माणसाला येऊ नको म्हणून निरोप गेला.

त्याचं दुःख काही त्या दिवशी संपलं नाही. पुढेही एखाद्या दिवशी तो वाखाला हात लावत नसे, नुसता बसून राही. पण दुसऱ्या दिवशी उठत असे.

गावाने मात्र आपली रीत थोडी बदलली. दुःखाच्या घरी अजूनही लोक भाकरी नेतात. पण उंबऱ्यावरून परत फिरताना काहीतरी बारीकसं काम सांगून येतात.

तात्पर्य : बळ आल्यावर उठू म्हणणारा बसूनच राहतो, वाईट दिवसांत रोज थोडं थोडं उठत राहणाऱ्यालाच बळ येतं.