पुलातली फट

ठण, ठण. एका गावातल्या नागप्पा पाथरवटाने लहानपणी बापाच्या छिन्नीचा हा आवाज ऐकला आणि तेव्हापासून दगडच त्याचं आयुष्य झालं. त्याने बसवलेल्या दोन चिऱ्यांच्या मधून केस जात नसे.

म्हातारपणी तो एका सकाळी नवा पूल पाहायला गेला. नदी आणि रेल्वे, दोन्हींच्या वरून जाणारा पूल. तो मधोमध थांबला. एक घार त्याच्या पायाखालून उडत गेली. मग मालगाडी आली आणि तिच्या डब्यांची छपरं दिसली. आगगाडी वरून कशी दिसते हे त्याला सत्तराव्या वर्षी कळलं. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

तेवढ्यात पदपथावर एक आडवी फट दिसली. करंगळी सहज आत गेली. त्याला हळहळ वाटली. “एवढं बांधलं, नि सांधा उघडा टाकला.” दुसऱ्या दिवशी त्याने सिमेंट कालवून आणलं आणि फट लिंपून टाकली.

तिसऱ्या दिवशी आपलं काम दाखवायला तो गावातली चार माणसं घेऊन आला. तिथे पुलावरचा मुकादम झाडूवाल्या सगुणाला बोलत होता.

“तुला फट झाडायला ठेवलंय की बुजवायला?”

“दादा, मी नाही भरली.”

“मग पुलानं आपली आपण भरली? ठेव तो झाडू. उद्यापासून येऊ नकोस.”

सोबतचा म्हादू हळूच म्हणाला, “नागूमामा, चला. ऊन चढतंय.”

नागप्पाचे पाय वळले. चार माणसांत त्याचा मोठा मान होता. पण सगुणाने झाडू कठड्याला टेकवलेला त्याने पाहिला आणि तो मागे फिरला.

“मुकादम, ते काम माझं. बाईचा दोष नाही. मला वाटलं, सांधा चुकून राहिलाय.”

“बाबा, उन्हात पूल लांबतो. त्यासाठी ती जागा सोडलीय. बुजवली तर कडा फुटतील.”

“एवढा पूल वाढतो?”

“रोज.”

नागप्पाने छिन्नी काढली आणि उन्हात बसून सगळं सिमेंट कोरून काढलं. दुपार झाली. त्याने पुन्हा करंगळी घातली, ती नखाशीच अडली. एवढा थोरला पूल अंग ताणत होता आणि ते त्याच्या बोटाला कळत होतं. तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला.

मुकादमाने वाकून फट पाहिली. झाडू उचलून सगुणाच्या हातात दिला आणि निघून गेला.

तात्पर्य: आपल्या चुकीचा दोष दुसऱ्याच्या माथी जात असेल, तर मान जाईल म्हणून थांबू नये, पुढे होऊन चूक कबूल करावी आणि आपल्याच हाताने निस्तरावी.