पुतळाआजीचं पाप

फार फार वर्षांपूर्वी, आपला ओढा बारमाही वाहायचा म्हणतात, तेव्हाची ही गोष्ट. त्या साली मात्र तो माघातच आटला. गावाला डबक्याचं पाणी प्यावं लागलं आणि घरोघर हगवण लागली.

गावात पुतळाआजी नावाची एकटी म्हातारी राहायची. तिला औषध ठाऊक होतं. देवळामागच्या बेलाचं कच्चं फळ निखाऱ्यात भाजायचं, गर काढून गुळाबरोबर चाटवायचा. त्यानं पोट धरतं, आतडी निवतात, दुखण्याशी भांडायला अंगात बळ येतं. पण देवाच्या बेलाचं फळ पिकून गळेल तेव्हाच घ्यावं, कच्चं तोडलं तर पाप, अशी गावाची समजूत. औषध सगळ्यांना हवं होतं, पाप कुणालाच नको होतं. म्हणून जो तो आजीच्या दारात.

"आजी, तूच तोड गं. तुला काय, मागंपुढं कुणी न्हाई!"

ते शब्द तिला लागायचे. तरी ती उठायची. बेलाच्या काट्यांनी तिचे हात सोलून निघाले. फळ तोडावं, भाजावं, चाटवावं, की पुढची हाक आलीच. असं म्हणतात, ती चालता चालता झोपायची आणि पाय तिला बरोबर आजाऱ्याच्या दारात नेऊन उभं करायचे. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना? इथं गरज सरायच्या आधीच वैद्य मरायला टेकला होता.

एके सकाळी पाटलांची नात गळाठली. पाटील धावत बेलाकडे आले. आजी बुंध्याला पाठ टेकून बसली होती.

"काकी, ऊठ! पोरीनं डोळं फिरवलं."

"हात वर हुईना आता, पाटील. लई दमले मी. तुम्हीच तोडा."

"मी? देवाच्या झाडाचं कच्चं फळ?"

"समद्या गावाचं पाप एकलीनं उचललं. नात तुमची हाय. एवढं एक तरी तुम्ही घ्या."

पाटील लहान पोरासारखे रडले. मग त्यांनी हात वर केला. असं म्हणतात, कधी हाताला न लागणारी फांदी आपणहून खाली वाकली आणि काटे पानांत मिटले. फळ कसं भाजायचं ते गावानं कितीदा डोळ्यांदेखत पाहिलं होतं. पाटलांनी ते भाजलं, नातीला चाटवलं. दिवस कलताना पोरीनं पेज मागितली.

ते ऐकून सारं गाव बेलाखाली लोटलं. ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या आजाऱ्यासाठी फळ तोडलं. हे आजीला सांगावं म्हणून पाटील वाकले, तर ती झोपली होती. ती पुन्हा उठली नाही. तिला कुणी उचललंही नाही, झाडानंच तिच्यावर साल पांघरली, असं म्हणतात.

अजूनही माघात एक दिवस गावातली कुठलीच म्हातारी चुलीपाशी जात नाही. तिला ओट्यावर बसवून घरातली माणसं गर भरवतात. त्याआधी सारं गाव बेलाखाली जमतं. पुजाऱ्यापासून गुराख्यापर्यंत प्रत्येक जण स्वतःच्या हातानं एक कच्चं फळ तोडतो आणि बुंध्याला हात लावून म्हणतो, "आजी, आमच्या वाटणीचं पाप आम्हाला दे."