रुखवतातली पाखरं

एक होतं नगर, नि त्या नगरात होता एक राजा. पण ही गोष्ट राजाची नाही बरं का. राजांच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. ही आहे गोजराबाईची. पांघरुणं घ्या नि गप पडून ऐका. ही गोष्ट सांगताना माझं डोकं तापतं, तेव्हा मध्ये कुणी चुळबुळ केली तर राग त्याच्यावरच निघेल.

तर ही गोजराबाई लोकांच्या गोधड्या शिवायची. एकटा जीव. तिची एक वही होती. लिहायची नव्हे. रद्दी कागद खळीने एकावर एक चिकटवून ती जाड पानं करायची आणि मनातलं त्यांवर मांडायची. कुठे चिंधी, कुठे फुटक्या बांगडीचा तुकडा, कुठे जाळी पडलेलं पिंपळपान, नि कोपऱ्यात कोळशाने लिहिलेले दोन शब्द.

एकदा काय झालं, पेटीच्या तळाशी तिला आईच्या लुगड्याचा तुकडा सापडला. बारीक चौकड्यांचा, वीतभर. आईचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं. गोजराबाईने त्याला खळ दिली, म्हणजे रंग फुटत नाही. मग त्यावर तीन पाखरं रंगवली. निळीने खंड्या, हळदीने हळद्या, काजळाने बुलबुल, नि त्याच्या बुडाशी गेरूचा ठिपका. मग ती कातरून वहीच्या पानावर धावदोऱ्याने शिवली. आणि शिवताना काय केलं, तर प्रत्येकाच्या पोटाखाली ज्वारीचे तीन तीन दाणे ठेवले. आईच तिला सांगून गेली होती, की कापडावरचं पाखरू उपाशी ठेवू नये, ते पान सोडून जातं.

आता इकडे राजवाड्यात लग्न निघालं होतं. राजकन्या हेमकळेचं. आणि लग्न म्हटलं की रुखवत आलं. नवरीच्या हातचं भरतकाम, विणकाम, सगळं मांडवात मांडायचं नि वरपक्षाने वाकून वाकून बघायचं. हेमकळेला तर सुईचं नेढं कुठल्या टोकाला असतं तेही ठाऊक नव्हतं. बिचारीच्या हातात कुणी सुई दिलीच नव्हती. मग राणीने काय केलं? गोजराबाईच्या पाखरांची गोष्ट तिच्या कानावर आली होती, तिच्याकडे दासी पाठवली. दासी गोड बोलली, पान वहीतून सोडवून घेतलं, राणीसाहेबांना दाखवून संध्याकाळी परत आणते म्हणाली. संध्याकाळ झाली. दुसरी झाली. पान काही आलं नाही.

मग गोजराबाई वाड्यावर गेली. पहारेकरी म्हणाला, वाड्यात गेलेली वस्तू वाड्याची. झालं. एवढं बोलून तो मिशीला पीळ देत बसला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. या खेपेला कारभारी भेटला. तो म्हणाला, बाई, तुझं काम बरं आहे, पण फार गबाळं. पाखरांच्या पोटाशी टेंगळं आली होती. आत बघतो तर कचरा! आम्ही उसवून सगळा झाडून टाकला, नि वरून इस्त्री फिरवली. ऐकलंत? कचरा म्हणे! मूठभर सुद्धा नाहीत, नऊ दाणे. ते पोटात राहिले असते तर याच्या बापाचं काय जात होतं? पण नाही. कळत नाही तिथे हात घालायचाच.

तिसऱ्या दिवशी ती थेट राणीसमोर उभी राहिली. राणीने तिला बसायला पाट सुद्धा दिला नाही. हातावर एक चोळीचा खण ठेवला नि म्हणाली, राजकन्येच्या हातचं म्हणून जग तुझं पान बघणार, यात तुझाच मान आहे. गोजराबाईने खण होता तसा खाली ठेवला.

"राणीसाहेब, हात माझे आहेत," ती म्हणाली, आणि निघून आली.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडवात चौरंगावर चांदीचं ताट, नि ताटात ते पान. वरपक्ष वाहवा करत होता. राणी नुसती फुलली होती. गोजराबाईला कोण आत सोडतंय? ती मांडवाबाहेर उन्हात उभी राहिली.

अंतरपाट धरला. पहिलं मंगलाष्टक संपलं, सावधान झालं, लोकांनी अक्षता टाकल्या. आणि पानावरून खंड्या उठला! उपाशी होता हो तीन दिवसांचा. अक्षता खाली पडायच्या आतच त्याने वरच्या वर टिपल्या. दुसरं मंगलाष्टक झालं, मग हळद्या उठला. तिसऱ्याला बुलबुल. कोयऱ्या, ताटं, सगळी पालथी. कुंकवातला एक तांदूळ ठेवला नाही. मग तिघं मांडवाच्या टोकावर जाऊन बसली नि रानाकडे तोंड करून पंख झाडायला लागली. पंखांवर लुगड्याच्या चौकड्या स्पष्ट दिसत होत्या.

आता गोजराबाईपुढे पेच पडला. हाक मारावी, तर पाखरं पानावर येणार, नि पान पुन्हा राजकन्येचं होणार. न मारावी, तर आईचं लुगडं कायमचं रानात जाणार. पण ती इतकी चिडली होती, की ओठ मिटून तशीच उभी राहिली. मी असते तर मीही तेच केलं असतं.

आत राणी हेमकळेला ढोसत होती, तुझ्या हातची आहेत ना, मग बोलव. हेमकळेने बोलावलं. एकदा, दोनदा, तीनदा. एकाही पाखराने मान वळवली नाही. सगळा मांडव बघत होता.

मग ती पोर मुंडावळ्या बांधलेली तशीच चालत बाहेर आली. गोजराबाईजवळ जाऊन खालमानेने, हळूच पुटपुटली, की हे माझ्या हातचं नाही, तुमच्या हातचं आहे.

"ताईसाहेब, मला कानात नको," गोजराबाई म्हणाली. "मांडवात सांगा."

हेमकळा रडवेली झाली. पण वळली, नि चांगल्या खड्या आवाजात बोलली.

"हे गोजराबाईंच्या हातचं आहे. माझ्या हातचं इथे काही नाही."

मग गोजराबाई आत आली. पान ताटातून उचललं, तळहातावर ज्वारी घेतली नि तोंडाने च्यक च्यक केलं. तिन्ही पाखरं खाली उतरली, पोटभर खाल्लं, नि पानावर जाऊन गुमान कापड झाली. चौरंगावर चांदीचं ताट रिकामं राहिलं.

वरमाय उठली. राणीला वाटलं, मोडलं लग्न. वरमाय रुखवतापाशी गेली, ते रिकामं ताट तिने हाताने सरळ केलं.

"माझ्या रुखवतातलंही मी काहीच केलं नव्हतं," ती म्हणाली. "फक्त मी बोलले नाही."

मग नवे तांदूळ आणले, कुंकवात घोळवले, नि लग्न लागलं. ताट शेवटपर्यंत तसंच मांडून ठेवलं. गोजराबाई जेवायला थांबली नाही. पान छातीशी धरून घरी गेली, नि दार लावून आधी पाखरांच्या पोटाखाली तीन तीन दाणे ठेवले, मग उसवलेले टाके पुन्हा घातले. हेमकळा सासरी सुखात राहिली. गोजराबाई तिच्या पाखरांसह सुखात राहिली. आणि राणी?

तीही सुखातच राहिली. साधी माफी सुद्धा मागितली नाही हो तिने. त्याचाच तर मला अजून राग येतो. चला, डोळे मिटा आता. मला काही झोप यायची नाही, पण तुम्ही झोपा.