ठकूबाईची पंगत

करंजटेपावर चिंचेखाली हे चपटे दगड दिसतात ना, त्यांची हकिगत सांगतो. अक्षरन् अक्षर खरी आहे, गावदेवीची आण. माझ्या आज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे आज्याच्या पणजोबाने. तोही त्या दिवशी सासुरवाडीला गेला होता म्हणतात, पण ते असो. एका ओळीत एकोणीस दगड आहेत आणि विसावा एकटाच, ओळीच्या समोर. मोजत बसू नका. मी मोजतो तेव्हा कधीकधी अठराच भरतात.

तेव्हा इथे ठकूबाईचे घर होते. नवरा फार पूर्वी शेतात नांगर धरलेला असतानाच गेला. तीन मुलगे : गेनू, रावजी आणि धाकटा हैबती. हैबती मिठाच्या बैलांबरोबर घाट उतरून कोकणात गेला, तो बारा वर्षे परतला नाही. लोक म्हणत, बारा वर्षे झाली, आता त्याचे क्रियाकर्म करून टाका. ठकूबाई म्हणे, "माझ्या कानावर काही आलेलं नाही. तोवर तो जिता हाय."

गेनूच्या लेकीचे लग्न निघाले. अक्षता पडल्या, पंगत बसली. पत्रावळी वाऱ्याने उडू नयेत म्हणून हेच दगड मांडले होते, असे सांगतात. भात वाढायला सुरुवात होणार तोच मांडवाच्या तोंडाशी एक दाढीवाला माणूस उभा राहिला. खांद्यावर हैबतीची घोंगडी, हातात हैबतीची काठी.

"हैबती आला!" कोणीतरी ओरडले. त्या माणसाने तोरणाकडे पाहिले, म्हातारीकडे पाहिले आणि मान डोलावली.

गेनूला काही ते पटेना. "बारा वर्षं पत्ता न्हाई, आन् पंगत बसायच्या वक्ताला बरा आलास. वास आला व्हय भाताचा?"

"गेनूदादा, सोयरे बघत्यात," रावजी कुजबुजला.

"बघू देत की. घोंगडी कुणाच्याबी खांद्यावर बसती."

मग चौकशी सुरू झाली. घरात किती गायी होत्या? आईच्या हातावर कसला डाग आहे? लहानपणी तू कोणत्या झाडावरून पडलास? तो सगळे बरोबर सांगत गेला. जितके बरोबर सांगे तितका गेनूचा संशय वाढे. सोयऱ्यांच्या बायका अंगावरचे दागिने पदराखाली घेऊ लागल्या. शेवटी रावजीने विचारले, "बाप गेला त्या दिवशी कोंचा बैल एकटा घरी आला?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. घरी आला होता पांढरा बैल. आईने पाहिला होता, दोघा थोरल्यांनी पाहिला होता. हैबती तेव्हा पाच वर्षांचा. तो मात्र जन्मभर म्हणत आला की तांबडा. दिवाळी असो, बारसे असो की बापाचे वर्षश्राद्ध, घर जमले की हा वाद निघायचाच. ही भानगड उंबऱ्याबाहेर कोणाला ठाऊक नव्हती.

"तांबडा," तो माणूस म्हणाला.

रावजीने हातातला तांब्या टाकला आणि त्याला मिठीच मारली. ही चूक हैबतीशिवाय दुसरा कोण करणार? गेनूचेही डोळे भरून आले, पण सवय ती सवय. "अरं तांबडा न्हवं, पांढरा!"

"असंल, दादा," तो माणूस हलकेच म्हणाला. "मी ल्हान हुतो."

सगळ्यांचा संशय त्या क्षणी फिटला, आणि ठकूबाईचा त्याच क्षणी सुरू झाला. तिच्या हातातली भाताची पाटी अधांतरी राहिली. तिचा हैबती या वादात पत्रावळ सरकवून उपाशी उठायचा. दोनदा तर चिंचेवर चढून बसला होता. बारा वर्षे नाही, बारा जन्म गेले असते तरी तो "असंल, दादा" म्हणाला नसता. चूक हैबतीची होती, पण हट्ट त्याचा नव्हता. म्हणजे या माणसाने ती हकिगत हैबतीच्या तोंडून ऐकली होती. आणि घोंगडी त्याच्याकडे आली होती.

बोलावे तर सुतक, नातीचे लग्न अर्ध्यावर. न बोलावे तर पंगतीत कोणाला जेवायला बसवतो आहोत? याने माझ्या पोराला मूठमाती दिली की आणखी काही केले?

असे सांगतात की तिने त्याला ओळीत बसू दिले नाही. एक दगड उचलून समोर ठेवला. "हितं बस. तुझं त्वांड मला दिसू दे." लोकांना वाटले, केवढी माया! ती जेवण होईपर्यंत त्याच्या तोंडावरची नजर काढत नव्हती आणि त्याला मान वर करता येत नव्हती.

दिवस मावळता वरात गेली. मग ती त्याला पलीकडच्या विहिरीवर घेऊन गेली. "आता सांग. कोन तू? माझ्या लेकराला कुठं ठिवलंस?" तो म्हणे लहान पोरासारखा रडला. मिठाच्या तांड्यातला सोबती होता. हैबती घाटातच तापाने गेला, याच्या मांडीवर. सांगायला निघालेला हा, पाय उचलायला बारा वर्षे लागली आणि दारात तोरण पाहून जीभ उचलेना. जाता जाता हैबती त्याला बजावून गेला होता : "घरला जाऊन सांग, बैल तांबडाच हुता."

तो माणूस त्यानंतर गावात कोणाला दिसला नाही.

आजही करंजटेपला लग्न असो वा तेरावा, एक माणूस पंगतीच्या समोर बसतो आणि घरातल्या गेलेल्या माणसाची एक आठवण सांगतो. मग घरच्या कोणीतरी उठून "आसं न्हवतंच!" म्हणावे लागते. चांगला कडकडून वाद झाल्याशिवाय भात वाढत नाहीत. नवे सोयरे घाबरतात. त्यांना वाटते, सोयरीक मोडली. आणि सगळ्यांनी गप मान डोलावली, तर म्हाताऱ्या बायका समोरच्याला नीट निरखून बघू लागतात.

आता शपथ घेतली आहे तर सांगून टाकतो. विहिरीवरचे त्या माणसाचे बोलणे मी रचलेले आहे. ताप, मांडी, रडणे, तो निरोपसुद्धा. तिथे दोघेच होते. ठकूबाई एकटी परत आली आणि एवढेच म्हणाली, "हैबती गेला. आंघोळीला पानी काढा." तिला कोणी काही विचारले नाही.